तीन भागांतला कुत्रा

पिसू या शब्दाला व्याकरणात एकवचन आहे, घरात नाही. घरात पिसू कधी एकटीदुकटी येत नाही, पिसवाच येतात. आणि एकदा आल्या की जायचं नाव काढत नाहीत. हे निरीक्षण आपल्या काना-मात्रांचं. काना-मात्रा म्हणजे छापखान्यातले मुद्रितशोधक, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा माणूस. दुकानाच्या पाटीपासून नळदुरुस्तीच्या सूचनेपर्यंत जिथे ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसेल, तिथे खिशातलं लाल पेन काढून ते सरळ करायची त्यांना सवय. म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलेलं. अर्थात तोंडावर नाही, पाठीमागे. पण इतक्या मोठ्यानं, की ते तोंडावर दिल्यासारखंच होतं.

घरात तीन मांजरं. पहिली वेलांटी, कारण तिचं शेपूट टोकाला गोल वळलेलं. दुसरा जोडाक्षर. हा बोका इतका जाड, की लांबून बघणाऱ्याला दोन मांजरं एकमेकांत अडकल्यासारखी वाटायची. आणि तिसरा अनुस्वार. एवढासा, काळाभोर, आणि जागा म्हणाल तर कायम कुणाच्या तरी डोक्यावर. मुलगी नोकरीसाठी दूर गेली तेव्हा काना-मात्रांच्या बायकोनं घरात बोलणंच टाकलं होतं. जेवायला वाढायची, दिवा मालवायची, पण तोंडातून शब्द नाही. मग एक दिवस वेलांटी खिडकीतून आत आली आणि बाई तिला म्हणाली, "काय गं, भूक लागली का?" काना-मात्रा आतल्या खोलीत होते. बायकोचा आवाज ऐकून त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अर्थात बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "मांजर खिडकीवर नको, पडदे ओरबाडेल."

तर अशी ही मांजरं. आणि त्यांच्यावर गदा आली ती वरच्या मजल्यावरून.

वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या. एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना हेडबाई म्हणायचे. निवृत्त होऊन जमाना झाला, पण आवाज अजून शाळेच्या पटांगणाच्या मापाचा. एका सकाळी त्या जिना उतरून आल्या, काना-मात्रांच्या दारात उभ्या राहिल्या आणि काही न बोलता त्यांनी पाऊल पुढे केलं. घोट्याच्या वर ओळीनं लाल ठिपके उठले होते. काना-मात्रांना ते आधी वाक्य अपूर्ण असल्याची खूण वाटली.

"हे काय आहे?" हेडबाई म्हणाल्या.

"टिंब टिंब टिंब," काना-मात्रांच्या तोंडून निघून गेलं.

"पिसवा आहेत! तुमच्या मांजरांच्या! जिन्यात बसतात ना ती, माझ्या पायरीवर!" मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि हेडबाईंचा आवाज खाली येणं हे जास्त वाईट असतं, हे त्यांच्या हाताखालून गेलेल्या पिढ्या सांगतील. "रविवारी मी खाली येणार. तोवर पिसवा गेलेल्या असल्या तर ठीक. नाहीतर मांजरं जातील. मी दुसऱ्यांदा सांगत नसते."

हे ऐकून बायकोनं तिन्ही मांजरं आत ओढून घेतली. त्यातच तिच्या ताईचा, म्हणजे मोठ्या बहिणीचा फोन. ताई न्हाणीघरात घसरली होती, पाय मोडला होता, प्लास्टर घातलं होतं आणि घरात माणसं होती, पण करणारं कुणी नव्हतं. बायको पिशवी भरता भरता रडत होती. त्यातलं किती ताईसाठी आणि किती मांजरांसाठी, ते तिचं तिलाच ठाऊक.

"अहो, ऐका," ती दारातून म्हणाली. "प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जा. त्या देतील तेच औषध आणा. पिसवांचं आणि जंताचंही. स्वतःचं डोकं चालवू नका. ही मांजरं गेली ना, तर माझ्याच्यानं या घरात राहवायचं नाही. सांगून ठेवते."

"तू निर्धास्त जा," काना-मात्रा म्हणाले. "इतकी वर्षं जाडजूड ग्रंथांतली एकेक चूक वेचून काढली आहे मी. पिसू म्हणजे काय, त्याच आकाराची."

खरं तर बायकोनं त्याच वेळी बस चुकवायला हवी होती.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कोपऱ्यावरच होता. काना-मात्रा आत शिरले ते भिंतीवरच्या पाटीसमोर थबकले. पाटीवर लिहिलं होतं : 'येथे जंतनाशक गोळ्या मिळतील.' पेन आपोआप हातात आलं.

"बाई, इथे एक चूक आहे. जंतुनाशक. 'त'चा उकार राहिला आहे. आणि तो ऱ्हस्व लिहायचा हं, लोक दीर्घ लिहितात."

डॉक्टरीणबाई एका सशाचे दात तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जंतनाशकच आहे ते. जंत. पोटातले. जंतुनाशकानं आम्ही फरशी पुसतो."

बाकावर पोपट घेऊन बसलेला माणूस हसला. पोपटही हसला. काना-मात्रांनी पेनचं टोपण लावलं, पण मान एकदा दुखावली की सहजी सरळ होत नाही. डॉक्टरीणबाईंनी पिसवांचं औषध दाखवलं. इवलीशी नळी, त्यात इवलेसे थेंब; मानेवरचे केस बाजूला करून कातडीवर सोडायचे, म्हणजे मांजराला चाटता येत नाही. दर मांजरामागे एक नळी. काना-मात्रांनी किंमत विचारली आणि मग बाकावर पोपटाशेजारी जाऊन बसले.

"एवढ्याशा थेंबांना?"

"यापेक्षा स्वस्तही आहेत. मांजरं घेऊन या, वजन करू, त्याप्रमाणे काय परवडेल ते बघू. आणि हे बघा, दुकानातून भलतंसलतं—"

डॉक्टरीणबाई आणखी काहीतरी सांगत होत्या, पण काना-मात्रा तोवर जंताच्या गोळ्या खिशात टाकून पायऱ्या उतरले होते. गोळ्या घेतल्या कारण त्या परवडल्या. वजनाप्रमाणे अर्धी, एक, दीड अशा द्यायच्या होत्या. थेंबांचं आपण बघून घेऊ, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आता वजन. दवाखान्यात मांजरं घेऊन परत जायचं, म्हणजे त्या पोपटासमोर जायचं. काना-मात्रांना छापखान्याची रद्दी विकत घेणारा रद्दीवाला आठवला. त्याचा काटा चोख होता. जोडाक्षराला बाजाराच्या पिशवीत कोंबून ते निघाले. पिशवी ओरडत होती. रद्दीवाल्यानं सवयीनं पिशवी हातात घेतली, काट्याच्या हुकाला अडकवली आणि विचारलं, "वर्तमानपत्रं का पुठ्ठा?" पिशवीतून एक पंजा बाहेर आला आणि त्यानं रद्दीवाल्याच्या बाहीची चिंधी केली. काटा असा नाचला, की त्या काट्यावर जोडाक्षराचं वजन एकदा उशीएवढं भरलं आणि एकदा म्हशीच्या पारड्याएवढं. काना-मात्रांनी दोन्हींचा मध्य काढला.

या वरातीमुळे बातमी गल्लीभर झाली, आणि सल्ले सुरू झाले. शिंपी म्हणाला, लिंबू पिळा. त्याची आई म्हणाली, लिंबू नको, मांजर वेडं होतं, राख चोळा. वाणीणबाई म्हणाल्या, राखेनं काय होतं, त्यांना एकदा बादलीत बुडवून काढा. "मांजर बादलीत तुम्ही बुडवणार का?" असं विचारल्यावर त्यांना अचानक गिऱ्हाईक आलं. सल्ला देणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी मांजर नव्हतं. हा नियम काना-मात्रांना ठाऊक होता. ज्याला लिहिता येत नाही तोच छापखान्यात येऊन कसं लिहावं ते सांगतो.

गोळीचा प्रयोग त्यांनी त्याच दुपारी केला. वेलांटीच्या दुधात गोळी कुस्करली. वेलांटीनं वास घेतला आणि वाटी पंजानं उलटी केली. अनुस्वाराला मांडीवर घेऊन त्यांनी त्याचा जबडा उघडला, अर्धी गोळी आत टाकली, तोंड मिटून गळा चोळला आणि स्वतःचीच पाठ थोपटली. अनुस्वारानं खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, जराशी मान वाकडी करून, गोळी कोरडीच्या कोरडी बाहेर ठेवली. जोडाक्षराचं प्रकरण वेगळंच होतं. त्याच्या माशाच्या तुकड्यात गोळी दडवली. त्यानं मासा मन लावून खाल्ला, बशी चाटून लख्ख केली आणि मधोमध गोळी तशीच ठेवली, धुतल्यासारखी पांढरीशुभ्र. काना-मात्रांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले गेले. एखाद्या कडक मुद्रितशोधकानं लाल पेनानं पान भरून काढावं, तसे दिसत होते ते.

पण हिंमत सोडेल तो काना-मात्रा कसला! शुक्रवारी सकाळी ते बाहीची बटणं लावून, ताठ मानेनं बाहेर पडले, तोच फौजदारांनी त्यांना अडवलं. फौजदार म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेले शेजारी. त्यांच्याकडे एक दांडगा कुत्रा होता, आणि कुत्र्यापेक्षा दांडगा आत्मविश्वास.

"ऐकलं मी सगळं," फौजदार म्हणाले. "मांजराचं औषध घेऊच नका. शुद्ध लुबाडणूक. औषध एकच असतं हो! खोक्यावर कुत्र्याचं चित्र असलं की स्वस्त, मांजराचं असलं की महाग. चित्राचे पैसे लावतात."

"खरं म्हणता?"

"मी उभ्या आयुष्यात खोटं पकडलंय, बोललो नाही. मोठ्या कुत्र्याची एक नळी घ्या. तिघांत वाटा. कुत्रा मोठा, मांजर लहान, हिशेब सरळ आहे."

काना-मात्रांना हे एकदम पटलं. पटण्याचं कारण असं, की हेच त्यांना आधीपासून वाटत होतं. पशुखाद्याच्या दुकानात जाऊन त्यांनी मोठ्या कुत्र्याची नळी मागितली.

"किती मोठा आहे कुत्रा?" दुकानदारानं विचारलं.

आता इथे मांजरांचं नाव काढावं तर पुन्हा चार सल्ले ऐकावे लागले असते. काना-मात्रांनी जोडाक्षर, वेलांटी आणि अनुस्वार यांची मनातल्या मनात बेरीज केली. "बराच मोठा आहे," ते म्हणाले. "पण तीन भागांत आहे."

दुकानदारानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तीन भागांत?"

"म्हणजे... तीन ठिकाणी झोपतो."

दुकानदाराला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. खोकं घेतलं तर जास्त पडेल, सुटी नळी घ्या, असं तो म्हणाला, आणि काना-मात्रांनी सुटी घेतली. मोठी चूक झाली ती ही. ज्या माणसानं आयुष्यात पेनाच्या पुड्यावरचा मजकूरही वाचल्याशिवाय सोडला नाही, त्यानं प्रथमच एक वस्तू विकत घेतली जिच्यावर वाचायला अक्षर नव्हतं.

घरी येऊन त्यांनी मोठ्या तोऱ्यात बायकोला फोन लावला. ताईच्या घरी एकच गोंधळ चालला होता. कुणीतरी टीव्ही मोठा केलेला, कुणीतरी भांडी आपटत होतं, मधूनच ताईचं कण्हणं.

"काम फत्ते!" काना-मात्रा म्हणाले. "डॉक्टरीणबाईंच्या निम्म्याहून निम्म्यात. मोठ्या कुत्र्याचं आणलं, तिघांना पुरेल."

"काय? कुत्र्याचं?"

"औषध एकच असतं, अगं. चित्राचे पैसे लावतात."

"थांबा," बायको म्हणाली. "हात लावू नका त्याला. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारते. आणि ताई विचारत होती, तुम्ही बघायला कधी येणार म्हणून."

काना-मात्रा थांबले. नळीचं टोपण मात्र त्यांनी काढून ठेवलं, कारण डॉक्टरीणबाईंचा होकार येणार याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. जोडाक्षर मांडीवर येऊन बसला होता. त्याच्या मानेवरचे केस त्यांनी बोटांनी बाजूला केले. बोक्यानं डोळे मिटले आणि घुरघुरायला लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"विचारलं हो!" बायको धापा टाकत बोलत होती, मागे भांड्यांचा खणखणाट. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुत्र्याचं औषध मांजरांना लावू नये! कळलं ना? लावू नये! ताई, आले गं, आले—" आणि फोन बंद.

फोनवर ती असं म्हणाली. काना-मात्रांनी काय ऐकलं? काना-मात्रांनी ऐकलं : मांजरांना लावून ये.

त्यांना आधी आनंद झाला. फौजदारांचं खरं निघालं, आपलं खरं निघालं. लावायचं आणि मग ताईला बघायला जायचं, सगळं कसं नीट जुळत होतं. आणि मग तो शेवटचा शब्द त्यांच्या डोक्यात उतरला.

ये?

'ये' म्हणाली? 'या' नाही, 'ये'?

लग्न झाल्यापासून या बाईनं त्यांना अहो-जाहो केलेलं. भांडणातसुद्धा 'तुम्हाला काही कळत नाही' असंच म्हणायची, 'तुला' कधी नाही. छापखान्याचा मालक त्यांना 'अहो' म्हणायचा, फौजदार 'अहो' म्हणायचे, हेडबाईसुद्धा ताकीद देताना 'तुमच्या मांजरांच्या' म्हणाल्या होत्या. आणि सख्खी बायको फोनवर, दोनदा, भर बैठकीत, ताईसमोर, 'लावून ये' म्हणते? धोब्याला सांगितल्यासारखं? चार दिवस बहिणीकडे काय गेली, तिथलं वारं लागलं! ताई आपल्या नवऱ्याला सर्रास 'अरे' म्हणायची, आणि तो बिचारा ऐकून घ्यायचा. त्याचं काय झालं, तर कोपऱ्यात बसून शेंगा सोलतो.

"ऐकलंस?" ते जोडाक्षराला म्हणाले. "लावून ये म्हणे!"

जोडाक्षर घुरघुरत होता.

काना-मात्रांनी टोपण घट्ट लावलं, नळी कपाटावर ठेवली. एक थेंब लावणार नाही, आणि येणारही नाही. जोवर 'या' असं आदरार्थी बहुवचन येत नाही, तोवर कसलंही काम बंद. फोन पुन्हा वाजला. त्यांनी उचलला नाही. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. वाजू दे. पश्चात्ताप होतोय बाईला. होऊ दे, जरा जास्त होऊ दे. त्यांनी तो उशीखाली दाबून ठेवला आणि आरामखुर्चीत छाती काढून बसले. बऱ्याच दिवसांनी आपण कशासाठी तरी ठामपणे उभे आहोत, असं त्यांना वाटलं. बसून का होईना.

शनिवारी छापखान्याला सुट्टी होती. उन्हाची तिरीप खोलीत आली, आणि तिन्ही मांजरं फरशीवर पसरली. वेलांटी आडवी, पाय ताणून. अनुस्वार पोट वर करून. जोडाक्षर पिठाच्या पोत्यासारखा, तोंड उघडं, जीभ जराशी बाहेर. मांजरं गाढ झोपली की अशीच दिसतात. काना-मात्रांचाही खुर्चीत डोळा लागला.

दार धाडकन उघडलं. बायको आत आली. केस विसकटलेले, एका पायात ताईची चप्पल, दुसऱ्यात स्वतःची. तिनं फरशीकडे पाहिलं, कपाटावरच्या नळीकडे पाहिलं, आणि अशी किंकाळी फोडली, की शिंप्याचं मशीन थांबलं.

"मारलीत! मारलीत हो त्यांना! देवा, मी नको म्हटलं होतं! विष आहे ते मांजरांना, विष!"

काना-मात्रा खडबडून उठले. विष हा शब्द कानावर पडला आणि त्यांना पुढचं काही ऐकूच येईना. बायको जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडत होती. "माझी लेक गेल्यावर यांनीच मला सावरलं हो! तुम्ही कुठे बोलत होतात माझ्याशी?"

जिन्यावरून धपधप पावलं आली आणि हेडबाई दारात उभ्या राहिल्या, अनवाणी. फरशीवरची तीन मांजरं त्यांनीही पाहिली. पटांगणाच्या मापाचा तो आवाज एकदम एवढासा झाला.

"मेली?" त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे? अगं, मी... मी पिसवा जाव्यात म्हटलं होतं. जीव जावा असं नव्हतं गं म्हटलं!" आणि हेडबाई, ज्यांना रडताना गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं, भिंतीला टेकून रडायला लागल्या. "सकाळी माझ्या पायरीवर तो जाड्या बसायचा. मी हाकलायचे. पण नाही दिसला की चुकल्यासारखं व्हायचं हो मला!"

इतक्या गलक्यात कुणाची झोप टिकेल? जाड्यानं एक डोळा उघडला. मोठी जांभई दिली. मग अंग ताणून उठला आणि नेहमीप्रमाणे बायकोच्या मांडीवर जाऊन बसला. बायको रडायची थांबली, मांजराकडे बघत राहिली, आणि मग दुप्पट रडायला लागली.

"लावलं नाही?" तिनं विचारलं.

"नाही," काना-मात्रा ताठ उभे राहून म्हणाले. "आणि लावणारही नव्हतो. तू मला 'ये' म्हणालीस."

"मी?"

"दोनदा. लावून ये."

बायकोनं तोंडावर हात ठेवला. "लावू नये! नये म्हणाले मी! नये!"

हेडबाईंनी पदरानं डोळे पुसले. शाळेचा प्रश्न समोर आला होता आणि त्यांना राहवेना. "दोघं एकेकदा म्हणा बघू," त्या म्हणाल्या. बायको म्हणाली, लावू नये. काना-मात्रा म्हणाले, लावून ये. हेडबाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. मग मान हलवली. "कानाला दोन्ही सारखंच लागतं. कुणाचेच गुण कापता येत नाहीत."

"लिहून दिलं असतं तर मी एका क्षणात पकडलं असतं!" काना-मात्रा म्हणाले. "दोन शब्दांमधली जागा चुकली, एवढंच. जागा दाखवायला हवी होतीस तू."

"फोनवर?" बायको म्हणाली. "कशी दाखवायची, उडी मारून?"

यावर हेडबाई हसल्या, मग बायको हसली. काना-मात्रा हसणार नव्हते, पण अनुस्वार तेवढ्यात त्यांच्या डोक्यावर चढला, आणि डोक्यावर मांजर असताना मान राखून उभं राहणं अवघड असतं. मग ते खुर्चीत बसले, आणि बायकोकडे न बघता हळूच म्हणाले, "टोपण काढलं होतं मी. केस बाजूला केले होते. तू 'या' म्हणाली असतीस, असं मला वाटलं असतं, तर..." बायको जोडाक्षराला उचलून त्यांच्याजवळ आली आणि बोका त्यांच्या मांडीवर ठेवला. ओरबाडलेल्या हातांवरून तिनं बोटं फिरवली.

"डॉक्टरीणबाईंकडे जायचं," ती म्हणाली. "सगळी मिळून. आत्ता."

"आणि रविवार?" काना-मात्रांनी हेडबाईंकडे पाहिलं.

"रविवार गेला खड्ड्यात," हेडबाई म्हणाल्या. "चला, मी पण येते. या घरात कुणालाही एकट्यानं औषध आणायला पाठवण्यात अर्थ नाही."

दवाखान्यात मांजरांची खरी वजनं झाली. जोडाक्षराचं वजन रद्दीवाल्याच्या दोन्ही आकड्यांशी फटकून होतं. डॉक्टरीणबाईंनी मांजरांसाठीचंच, पण कमी गाजलेल्या कंपनीचं औषध दिलं. काम तेच, दिमाख कमी. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, फरशीच्या फटी झाडा, गालिचा उन्हात टाका, असं सांगितलं. पिसू गिळली की तिच्यातून पोटात जंत जातात, म्हणून गोळ्याही हव्यातच, असं म्हणून त्यांनी तिघांना गोळ्या अशा सफाईनं दिल्या, की जोडाक्षराला कळेपर्यंत गोळी पोटात गेली होती. काना-मात्रांनी भिंतीवरची पाटी पुन्हा वाचली आणि पेन खिशातच राहू दिलं. बाकावर पोपट नव्हता, हे एक बरं होतं.

रविवारी सकाळी हेडबाई म्हटल्याप्रमाणे खाली आल्या, पण तपासायला नाही. त्यांनी स्वतः जोडाक्षराचे पंजे धरले. बायकोनं मानेवरचे केस बाजूला केले. काना-मात्रांनी श्वास रोखून नळी दाबली. थेंब कातडीवर उतरले. बोक्यानं कान हलवला.

"झालं?" हेडबाई म्हणाल्या. "एवढंच?"

"एवढंच," काना-मात्रा म्हणाले.

तिघांना लावून झालं, आणि हात सुटताच मांजरं उधळली. दारातून जिन्यात, जिन्यातून वर. हेडबाई हातात काठी घेतल्याच्या आवेशात मागे धावल्या, त्यांच्यामागे बायको, तिच्यामागे काना-मात्रा. वरच्या खोलीत हेडबाईंच्या एकटीच्या पलंगावर, पांढऱ्या स्वच्छ चादरीच्या मधोमध, जोडाक्षर पसरला होता. वेलांटी उशीवर. अनुस्वार उशीच्याही वर, भिंतीतल्या देवळीत.

"अगं बाई, माफ करा हं," बायको कसनुशी होत पुढे झाली. "मी उचलते त्यांना लगेच."

हेडबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "मी भिंतीच्या कडेला झोपेन."